साखरेचा पुकारा

मांगेरे उपनगरातल्या सामोअन चर्चमागच्या हॉलात फुआतिनोनं मधुमेहाच्या अभ्यासासाठी टेबल मांडलं, त्याचा हा तिसरा रविवार. सुया, पट्ट्या, साखर मोजायचं यंत्र सगळं हाताशी. बोट पुढे करणारं कुणी नाही. नकारही कुणाचा नाही, हेच अवघड. "पुढच्या रविवारी नक्की गं," म्हणत सगळे जेवणाकडे सरकत. आज इथून माणसं मिळाली नाहीत तर हा अभ्यास सामोअन लोकांना वगळूनच सुरू होणार होता. आणि मधुमेह तर घरोघरी मुक्कामाला.

सुईला भितात म्हणावं, तर मांड्या भरभरून गोंदवून घेणारी माणसं ही. मग घोडं अडलंय कुठं?

तिनं अळकुड्या चिरणाऱ्या लागी मावशीला गाठलं.

"तुआला म्हातारा उठल्याशिवाय कोण उठेल?" मावशी म्हणाली. "जेवायला तरी त्याच्याआधी बसतो का आपण?"

"मग ते का उठत नाहीत?"

"त्यालाच विचार. मी काय त्याची बायको? आणि ताट घेऊन जा. रिकाम्या हातानं गेलीस तर नुसता खोकेल."

तुआला आजोबा, कुळाचे प्रमुख, खिडकीपाशी बसले होते. दाराशी रिवाजाप्रमाणे कुणाच्या घरून काय आलं त्याचा पुकारा चालला होता: सेफोच्या घरून भाजलेलं डुक्कर, एक. मालियाच्या घरून नारळाच्या दुधातली अळूची पानं, दोन पराती.

तिचा प्रश्न ऐकून आजोबांनी तिनं आणलेलं ताट बाजूला ठेवलं आणि पुकारणाऱ्याकडे हनुवटी उडवली. "तुझं यंत्र सांगेल तेही हाच पुकारणार ना?"

फुआतिनोला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. इथं टेबलावर येईल ते नावानिशी पुकारलं जातं. तिनंही टेबलच मांडलं होतं.

"नाही आजोबा. तुम्हाला कळेल नि मला."

"आणि माझ्या बायकोला?"

"तिलाही नाही."

"मग हे आधी सांगायचंस की."

ते उठले तशी हॉलभरची बडबड थांबली. थेंब पट्टीवर टेकला. आकडा पाहून फुआतिनो हळूच म्हणाली, "बरीच आहे, आजोबा. उद्या दवाखान्यात जाऊ."

आजोबा बोट चोखत बसले. मग काठी टेकून उभे राहिले आणि पुकाऱ्याच्याच सुरात म्हणाले, "तुआलाच्या घरून साखर, भरल्या टोपल्या दोन."

हॉल खदखदून हसला.

"हसा," आजोबा म्हणाले. "आता तुमची आणा."

रांग लागली. सगळ्यात पुढे लागी मावशी, ओले हात पुसत. बोट पुढे करून ती कुजबुजली, "मी काही कुळाची प्रमुख नाही. माझं कानात सांग."