वीतभर आभाळ

परीक्षकबाईंनी माझ्या कापडचित्राजवळ येऊन चष्मा पुसला, तेव्हाच माझं पित्त खवळलं. आठ महिने खपले होते मी त्यावर. जुन्या शर्टांचे तुकडे जोडून केलेली समोरच्या इमारतींची छपरं, वर निळ्या सुती कापडाचं आभाळ आणि आभाळभर धावदोऱ्याच्या बारीक ओळी. प्रदर्शनात ते लागणार की नाही, हे बाई ठरवणार होत्या.

छपरांबद्दल चार शब्द बरे बोलल्या. मग उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "एवढं वीतभर काम दुसऱ्याच कुणाचं वाटतं. टाके कुठे लांब, कुठे आखूड. उसवून पुन्हा घाला, सोमवारी आणा, मी घेते."

ते वीतभर आईचं होतं. चाळीस वर्षं तिने लोकांचे कपडे शिवले. आता तिच्या हाताला कंप आहे, तरी मी तापाने पडले होते त्या आठवड्यात तिने आपणहून सुई हातात घेतली होती. हे बाईंना सांगितलं नाही. आईसाठी कुणाची कीव कशाला मागायची? कापड गुंडाळलं आणि तरातरा निघाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला! स्वतःला सुईत दोरा ओवता येतो की नाही देव जाणे.

घरी येऊन सगळं तिखटमीठ लावून आईला सांगितलं. वाटलं, आता तीही भडकेल. तिने कापड मागितलं, खिडकीशी नेलं आणि कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

आमच्या घरात एकीचं काम दुसरीने तपासायचं आणि वाकडं दिसलं की न विचारता उसवायचं, ही रीतच होती. शाळेत असताना मी शिवलेली एक बाही तिने तीनदा उसवली होती.

"तुला हे दिसलं नव्हतं?" तिने विचारलं.

"दिसलं होतं."

"मग उसवलं का नाहीस?"

उत्तर होतं, पण ते तिच्या तोंडावर देण्यासारखं नव्हतं.

"तुझी बाही उसवताना तू रडत होतीस, तरी मी थांबले नाही. आणि तू माझी कीव करतेस? माझे असले टाके जगासमोर टांगायला निघालीस?"

ती बाईंवर नाही, माझ्यावर संतापली होती. असा अपमान बाईंनी केला नव्हता, तो मी केला होता. मी कात्री आणली. तिच्याशेजारी बसून एकेक टाका उसवला आणि नवा घातला. शेवटी तिने पुन्हा अंगठा फिरवला.

"आता बरोबर," ती म्हणाली. "यापुढे मला सुईला हात लावू देऊ नकोस."

सोमवारी बाईंनी कोपरा निरखून पाहिला आणि माझी पाठ थोपटली. म्हणाल्या, "आता कसं, सगळं एका हाताचं वाटतं." ते कापड त्यांच्या हातातून हिसकावून घ्यावं, असं मला वाटलं. घेतलं नाही.