पाणी पिणारं मीठ

डॉक्टरांनी आईचं मीठ बंद केल्यापासून घरातली मिठाची बरणी माळ्यावर गेली होती. तिला एकटीला अळणी खावं लागू नये म्हणून सगळेच अळणी खात होते, आणि थोरला प्रत्येक घासाला कडू औषध गिळल्यासारखं तोंड करत होता.

रविवारी दुपारी बाबाने ती बरणी खाली काढली. बाबा प्लंबर. अख्ख्या वस्तीची गळती थांबवणाऱ्या या माणसाला दोन पोरांची तोंडं मात्र पाच मिनिटंही बंद ठेवता येत नव्हती, आणि आतल्या खोलीत बायकोचा आत्ता कुठे डोळा लागला होता. तिच्या मूत्रपिंडांनी हात टेकले होते, अंगात पाणी साचत होतं. दुसऱ्यांचे तुंबलेले पाइप मोकळे करण्यात उभा जन्म गेला आणि स्वतःच्या घरात काही म्हणता काही करता येत नव्हतं. त्याला राग यायचा, पण तो काढायचा कोणावर?

"खायचं नाही हं," त्याने मुलांना बजावलं. "हे चित्रावर टाकायचं."

थोरल्याने जाड कागद पाण्याने भिजवला, त्यावर निळा रंग सोडला. रंग ओला होता तोवरच बाबाने वरून मीठ भुरभुरलं. दोघं कागदाला नाक लावून बसली. हळूहळू एकेका खड्याभोवती रंग फिका पडला आणि कागदभर बारीक पांढरी फुलं उमटली.

"असं कसं झालं?" धाकटीने विचारलं. वय वर्षं पाच, आणि प्रश्नांना अंत नाही.

"मीठ पाणी पितं. जिथं बसतं तिथलं ओढून घेतं."

"सगळं?"

"सगळं," बाबा म्हणाला. उत्तर देऊन त्याला मोकळं व्हायचं होतं, कारण थोरल्याने रंगाचा पेला लवंडला होता आणि निळं पाणी सतरंजीकडे निघालं होतं.

फडकं पिळून तो परत येतो तो धाकटी गायब, बरणीही गायब.

आतल्या खोलीत ती पलंगाच्या पायथ्याशी मांडी ठोकून बसली होती. आईचं सुजलेलं उजवं पाऊल तिने आधी ब्रशने नीट ओलं केलं होतं आणि वर मिठाचा थर दिला होता. आई जागी होती, पण पाय हलवत नव्हती.

"अगं, काय चालवलंयस हे?" बाबा खेकसला.

"ओरडू नकोस रे तिला," आई म्हणाली. "कधीची खपतेय पोर."

धाकटीने मान वर केली. "बाबा, मीठ पाणी ओढतं हे डॉक्टरकाकांना माहीतच नाही का?"

बाबाने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. पोटात गेलेलं मीठ अंगातलं पाणी धरून ठेवतं, हे तिला सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. आणि पुढचं त्याला तरी कुठे ठाऊक होतं?

धाकटीने आईच्या घोट्यावर अंगठा दाबून उचलला. तिथे खड्डा पडला तो तसाच राहिला. काल डॉक्टरांनी असंच बोट दाबून आई-बाबांना दाखवलं होतं: खड्डा जितका खोल, तितकं पाणी जास्त. कालचा खड्डा इतका खोल नव्हता.

"बघ, बघ!" धाकटीने टाळ्या पिटल्या. "आत गेलं! पाणी कमी झालं!"

आई त्याच्याकडेच बघत होती.

"हो गं," बाबा म्हणाला. तो पोरीशेजारी खाली बसला आणि चिमूटभर मीठ घेऊन त्याने ते आईच्या डाव्या पावलावर टाकलं.