स्टोबहोपच्या सभेतला होकार

इतिवृत्तात लिहिले आहे: ‘लो रो या घरांच्या ओळीतील अखेरचे घर जलमंडळास विकण्याचा ठराव, रहिवासी श्रीमती हॅना पीअर्ट यांच्यासह, उपस्थित सर्व सभासदांच्या होकाराने संमत.’ खाली विश्वस्तांचे अध्यक्ष राल्फ फेदरस्टन यांची सही आहे. अक्षर सुरेख आहे. मजकुराविषयी तसे म्हणता येत नाही.

घर गावाच्या विश्वस्तनिधीचे आहे आणि विश्वस्तपत्राची अट स्पष्ट आहे. रहिवाशाने भर सभेत, स्वतःच्या तोंडाने ‘आय’, म्हणजे इथल्या इंग्रजी बोलीत ‘हो’, असे म्हटल्याखेरीज घर विकता येत नाही. म्हणून त्या शब्दाचे पाहू. तो माझा विषय आहे. शब्दकोशासाठी या खोऱ्यातली बोली टिपत मी अकरा वर्षे इथे राहते आहे. सुमारे चारशे वर्षांपूर्वी हा होकार लिखाणात अचानक अवतरतो, आईबापांचा पत्ता न देता. कुणी त्याचे मूळ ‘मी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दात शोधतो, कुणी ‘सदैव’ या अर्थाच्या शब्दात. पुरावा कुणापाशीच नाही. माझ्या खोक्यात त्याच्या वापराच्या अडतीस चिठ्ठ्या आहेत: वाटेत भेटल्यावरचा, मयताच्या दारातला, बोलणे आटोपते घेतानाचा. ‘माझे घर न्या’ या अर्थाची एकही चिठ्ठी नाही. आणि नकाराची तर चिठ्ठीच नाही. स्टोबहोप गावात नकार उच्चारत नाहीत. माणसे गप्प बसतात आणि विचारणारा विषय बदलतो.

हॅनाबाई शहात्तर वर्षांच्या. त्याच घरात त्यांची चार मुले जन्मली, दोन वारली. मी ठरावाविरुद्ध अर्ज लिहायला बसले, तर त्या चुलीपाशी पावाचे पीठ मळत राहिल्या.

“कशाला शाई वाया घालवतेस, पोरी? मी ‘आय’ म्हटलं. म्हटलं ते म्हटलं.”

“का म्हटलंत?”

“कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.”

दिलेला शब्द फिरवणे त्यांना चोरीसारखे वाटत होते. वसंतात जलमंडळ ओढ्यावर धरण बांधणार होते, घर पाण्याखाली जाणार होते आणि त्या स्वतःच्याच एका शब्दात कोंडल्या गेल्या होत्या.

मी घरोघर गेले. सभेला एकतीस जण होते. बहुतेकांनी चहा दिला. आपण होकार दिला का, या प्रश्नावर प्रत्येक जण खिडकीबाहेर पाहू लागला. एवढेच कळले की सभा दुपारी तीनला सुरू झाली, साडेसहाला संपली, शेगडी पाचलाच विझली आणि टॉमस नॅट्रस, ज्याची छाती शिशाच्या खाणीने केव्हाच खाल्ली आहे, सारखा खोकत होता. प्रश्न मताला टाकताना दाराला आतून कडी घालायची, ही इथली जुनी रीत. चर्चा न ऐकलेल्याने मत देऊ नये म्हणून. होकाराचा आवाज मिळाला की कडी निघते. एका ठरावाला साडेतीन तास का लागले, हे इतिवृत्त सांगत नाही.

माझ्या अर्जावरून सरकारी अधिकाऱ्यांनी त्याच सभागृहात चौकशी घेतली. बायबलवर हात ठेवून फेदरस्टन म्हणाले, होकार स्पष्ट होता. अधिकाऱ्यांच्या परवानगीने मी एकच प्रश्न विचारला: हॅनाबाईंखेरीज ज्याचा आवाज ऐकला, अशा एकाचे नाव सांगा.

एकतीसही जण समोर बसले होते. कुणी हलले नाही, कुणी त्यांना मदतही केली नाही. फेदरस्टननी पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत एकेक चेहरा पाहिला. टॉमस खोकला. अधिकाऱ्यांनी, उत्तर हवे आहे, असे बजावले. लेखनिकाने फेदरस्टन यांचे पुढचे शब्द टिपून घेतले ते असे:

“दाराला कडी मीच घालायला लावली, साहेब. तीनदा विचारलं, कुणी बोललं नाही. गप्प बसण्याचा अर्थ मला कळतो, मी इथलाच आहे. टॉमसचा जीव घुसमटत होता, तरी मी कडी काढू दिली नाही. हॅना त्याच्याकडे बघून ‘आय’ म्हणाली, तेव्हा काढली. दुसरं कुणीच म्हणालं नाही. मी सगळ्यांचा होकार लिहिला.”