झिपरीच्या मानेवरचे केस

मी झिपरीचे केस कापायची मशीन बोलतेय. दोन पाती आणि एक वायर, एवढाच माझा संसार. खालचं पातं जागचं हलत नाही, वरचं त्याच्यावर सरसर पळतं. कापणं हा माझा स्वभावच, असं मला वाटायचं. पुढं जे घडलं त्यानं झालेला माझा गोंधळ अजून निवळलेला नाही.

सत्त्याण्णव साली एका साहेबांनी मला नागपूरहून अहेरीला आणलं, त्यांच्या पांढऱ्या पामेरियन पिल्लासाठी. वर्षभरात त्यांची बदली झाली. ट्रकमध्ये कूलर चढला, सोफा चढला, तुळशीची कुंडीसुद्धा चढली. पिल्लू आणि मी ओसरीवरच राहिलो. विसरले की ठेवून गेले, कोण जाणे. त्यांच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या गोकुळाबाईंनी एका हातात पिल्लू घेतलं, दुसऱ्या हातात मला, आणि आम्ही तळ्याकाठी त्यांच्या घरी आलो. तिथं पिल्लाचं नाव झिपरी पडलं.

गोकुळाबाई केस कापून झाले की मला भांड्यासारखं धुवायच्या, वर खोबरेल लावायच्या. केवढा हा लाड! पण लाड वाढला तसं माझं कापणं बिघडलं. थंडीत खोबरेल घट्ट झालं, त्यात केस चिकटले, पाण्यानं गंज धरला. मी केस कापायचं सोडून उपटायला लागले. झिपरी कळवळली, तशी बाईंनी मला फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलं.

झिपरीच्या अंगावर जटा झाल्या. हळूहळू ती खाईना, मानेजवळ हात नेला की दात दाखवायची. एक दिवस बाईंचे यजमान मनसारामभाऊ तिच्या चाव्यातून थोडक्यात वाचले.

"पागल झालं हे," ते म्हणाले. "उद्या जंगलात सोडून येतो."

"तिथी बिबट एक रात बी ठेवीन का तिले?" बाई म्हणाल्या. "बाजाराच्या दिसापर्यंत थांबा."

बाजारात धनराजभाऊ शिलाई मशिनी दुरुस्त करत बसायचे. बाईंनी मला त्यांच्यापुढं ठेवलं. "धार गेली का हिची, भाऊ?"

त्यांनी दोन स्क्रू काढले आणि हसले. "धार कुठी जाते, बाई. पोट भरलं हाये हिचं."

पात्यांमधून त्यांनी केसांचा चपटा गोळा काढला. जुन्या दातांच्या ब्रशनं एकेक दात खरवडला, रॉकेलनं गंज पुसला, कोरडं करून शिलाई मशिनीच्या तेलाचे दोन थेंब सोडले.

"वरचे दात खालच्याच्या जरा मागं ठेवा, नाई तर कातडं कापते. पाणी लावू नका. कापून झालं का ब्रश, मंग तेल. गरम झाली का थांबा."

घरी मनसारामभाऊंनी झिपरीला पोत्यात धरलं. बाई थोडं कापायच्या आणि मला स्वतःच्या मनगटाला टेकवायच्या. स्वतःला चटका कशाला लावून घेतात, मला कळेना. जटा घोंगडीसारख्या सोलून निघाल्या. मानेवर आजवर मला कुणी फिरवलं नव्हतं; तिथं माझे दात कशाला तरी अडले. ते केस नव्हते.

लाल पट्टा होता. साहेबांच्या बायकोनं पिल्लाला बांधलेला. पिल्लू वाढलं, पट्टा वाढला नाही. तो मांसात रुतून बसला होता.

"एवढे दिवस हे…" भाऊ म्हणाले. कात्री आणायला तेच उठले. गुरांच्या डॉक्टरांनी जखम धुतली. चौथ्या दिवशी झिपरीनं माशाचं डोकं खाल्लं.

तो पट्टा लाडानंच बांधला होता. खोबरेलही लाडाचंच. मग दुखणं कुठून आलं, हे मला उमगत नाही.

झिपरी आणखी नऊ-दहा वर्षं जगली आणि म्हातारी होऊन गेली. तरी गोकुळाबाई महिन्यातून एकदा मला खोलतात, ब्रश मारतात, तेल सोडतात आणि चालू करून कानाजवळ धरतात.

"आता काऊन चालवून राह्यली?" भाऊंनी एकदा विचारलं.

"आवाज बरोबर हाये का पायतो," बाई म्हणाल्या.

भाऊही शेजारी येऊन बसले. तेव्हापासून दोघं बसतात, आणि कापायला काही नसताना मी चालत राहते. त्यांना माझ्यात काय ऐकू येतं, ते तुम्हाला कळलं असेल तर मला सांगा.