खोडलेला फटका

मी एक जुने पॅड आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही. परीक्षेला जाताना तुम्ही कागदाखाली धरता ना, वर पत्र्याची क्लिप असलेले, त्याच जातीचे मी. पण मित्रांनो, माझ्यावर कुणी कधी परीक्षा दिली नाही. माझ्यावर सत्तावीस वसंत सॉफ्टबॉलचे सामने लिहिले गेले.

लाकडाचे बारीक तंतू वाफेत शिजवून, प्रचंड दाबाखाली चेपून माझा पुठ्ठा तयार झाला. त्यात गोंद जवळजवळ घालतच नाहीत. लाकडात मुळातच एक चिकट द्रव्य असते. ते उष्णतेने मऊ होते आणि थंड झाल्यावर तंतूंना कायमचे जखडून टाकते. माझा स्वभाव तिथेच ठरला असावा.

केटल फोर्क गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून मला लव्हॉन टॉलेफ्सनने घेतले. ती बियाणे तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे आणि सातव्या दिवशी किती उगवले ते मोजायचे. त्र्याण्णव म्हणजे त्र्याण्णव, अंदाजे नव्वद नव्हे. हीच बाई मार्च उजाडला की दुपारी कामावरून सुटून कॉलेजच्या मैदानावर जायची आणि मुलींचे सामने लिहायची. कोण खेळायला आली, चेंडू कुठे गेला, कोण कशी बाद झाली, सगळे एका चौकोनात बारीक खुणांनी. ती कॉलेजची अधिकृत गुणलेखक होती. पगार नव्हता. प्रत्येक सामन्याला एक हॉटडॉग मिळायचा, तोही ती मोहरीचा सॉस न लावता खायची, कारण मोहरीचे डाग माझ्यावरून जात नाहीत.

तेव्हा माझा मान होता. वाद झाला की पंच स्वतः पायऱ्या चढून यायचे, माझ्यावर वाकून बघायचे आणि मान हलवून परत जायचे. जुने प्रशिक्षक म्हणायचे, "लव्हॉनच्या पॅडवर नसेल, तर ते झालंच नाही." हे वाक्य ऐकून मी फुशारून जायचे.

मग मागच्या हिवाळ्यात ब्रेंट कॉर्लिस क्रीडा विभागाचा प्रमुख होऊन आला. त्याचे बूट नेहमी कोरडे असत. बर्फाच्या गावात हे संशयास्पद आहे. त्याने पहिल्याच बैठकीत जाहीर केले, "कागद बंद. इथून पुढे सगळं टॅब्लेटवर." बैठक संपल्यावर त्याने मला टेबलावरून उचलले, उलटसुलट करून पाहिले आणि कॉफीचा चोथा टाकलेल्या टोपलीत टाकले. लव्हॉन दारातच उभी होती.

"ते माझं आहे," ती म्हणाली.

"अरे, हो का? मला वाटलं, जुनं काहीतरी आहे."

तिने मला टोपलीतून काढले आणि कोटाच्या बाहीने पुसले. आठवड्याने तिला पत्र आले. आपल्या दीर्घ सेवेबद्दल आभार. यापुढे आपण केवळ प्रेक्षक म्हणून सामन्यांचा आनंद घ्यावा. खाली ब्रेंटची सही. लव्हॉनने ते पत्र माझ्या क्लिपमध्ये सगळ्यात तळाशी अडकवले आणि त्यावर कोरे कागद लावले. सबंध मोसमभर ते पत्र माझ्या अंगाला चिकटून होते. थंडीत माझ्या क्लिपची स्प्रिंग आखडते. तशी मी ते घट्ट धरून बसले.

मित्रांनो, तो मोसम कसा गेला म्हणून विचाराल तर पहिला घरचा सामना खेळायला मुलींनी आधी फावड्यांनी बर्फ काढला आणि मग शून्य विरुद्ध अकरा असा सामना गमावला. आठ धावांचे अंतर पडले की पाचव्या डावातच सामना थांबवतात. आमचे सामने तिथेच थांबायला लागले. लव्हॉनच्या शेजारी पंचवीस वर्षांपासून ड्वेन बसतो. तो दूधगाडी चालवायचा. तो घोंगडी गुडघ्यांवर ओढत म्हणायचा, "एक बरं आहे हं, लव्हॉन. आपल्या पोरी पाचव्या डावातच गाशा गुंडाळतात, म्हणून मला घरी भट्टीतून काढलेली हॉटडिश गरम मिळते."

"लिहू दे मला."

"लिही की! काय लिहिणार? तेच पान पुन्हा लाव."

ती हसायची नाही. हरणाऱ्या सामन्याचा प्रत्येक चौकोन ती जिंकणाऱ्या सामन्याइतक्याच नीट भरायची. एप्रिलमध्ये जुने प्रशिक्षक वैतागून नोकरी सोडून गेले. दुसरे कुणी मिळेपर्यंत म्हणून ब्रेंट स्वतःच प्रशिक्षक झाला. पूर्वी खेळण्याचा क्रम एका कागदावर लिहून मुलींच्या बाकामागच्या भिंतीवर चिकटवलेला असायचा. आपल्या आधी कोण, नंतर कोण, हे येताजाता प्रत्येकीला दिसायचे. ब्रेंटने तो कागदही काढायला लावला. क्रम आता फक्त त्याच्या टॅब्लेटमध्ये होता. सहा विजय आणि एकतीस पराभव झाले, आणि शेवटचा सामना उरला. मला फक्त सूड हवा होता. पुठ्ठ्याला हात नसतात, म्हणून मी वाट पाहत होते.

शेवटचा घरचा सामना म्हणजे चौथ्या वर्षाच्या मुलींचा निरोपाचा दिवस. आईवडील फुले घेऊन मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जातात. आणि रीत अशी, की त्या दिवशी चौथ्या वर्षाच्या सगळ्या मुलींना पहिल्या नऊमध्ये खेळवायचे, मग ती चार वर्षे बाकावर का बसलेली असेना.

लिनिया होकनसन चार वर्षे बाकावर बसलेली होती. ती पाण्याच्या बाटल्या भरायची, कुंपणापलीकडे गेलेले चेंडू शोधून आणायची. चार वर्षांत एकोणीस वेळा तिच्या हाती बॅट आली होती आणि एकदाही फटका लागला नव्हता. ते एकोणीस चौकोन माझ्यावरच लिहिले गेले होते.

समोर ब्रूल लेकचा संघ होता, आमचा जुना वैरी. त्यांची प्रशिक्षक मारिट. वीस वर्षांपूर्वी ती आमच्याच मैदानावर खेळायची, आणि तिचा प्रत्येक फटकाही माझ्यावर लिहिलेला आहे.

थंडी गोठणबिंदूच्या जेमतेम वर होती. सातवा आणि शेवटचा डाव, आम्ही तीन विरुद्ध चार असे मागे. तिघी बाद झाल्या की डाव संपतो. आमची एक मुलगी बाद, एक तिसऱ्या बेसवर. आता पाळी टेन्लीची. टेन्ली पहिल्या वर्षाची. मागच्याच डावात ती दुसऱ्या एका मुलीच्या जागी आत आली होती. ती हेल्मेट घालून तयार उभी होती. ब्रेंटने टॅब्लेटवर बोट फिरवले. गारठलेल्या बोटाला पडदा दाद देईना. त्याने बोटावर फुंकर मारली, पुन्हा फिरवले, आणि यादी एका नावाने पुढे सरकली.

"लिनिया! चल, तू!"

टेन्लीने मुकाट्याने हेल्मेट काढले. आपल्याला बदलले असेल, असे तिला वाटले. लव्हॉनची पेन्सिल थांबली.

"काय झालं?" ड्वेनने विचारले.

"काही नाही."

"तुझं 'काही नाही' मला चांगलं माहितीय."

"पाळी टेन्लीची आहे."

"मग सांग ना त्यांना!"

"कुणाला?" लव्हॉन म्हणाली.

इथे तुम्हाला नियम सांगायला हवा. चुकीची मुलगी खेळून गेली आणि विरुद्ध संघाने पुढचा चेंडू टाकला जाण्याआधी तक्रार केली, तर जिची खरी पाळी होती ती बाद होते आणि त्या फटक्यावर झालेले सगळे रद्द होते. पण पुढचा चेंडू पडला, की चूक कायमची बरोबर ठरते. गुणलेखकाला हे दिसले, तरी त्याने ब्र काढायचा नाही. सव्वीस वर्षांत लव्हॉनने अशा चार चुका पाहिल्या आणि चारही गिळल्या होत्या.

लिनियाने तिसऱ्या चेंडूवर बॅट फिरवली. असा स्वच्छ आवाज त्या मोसमात मी ऐकला नव्हता. चेंडू दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधून, वरून, डावीकडच्या गवतात. तिसऱ्या बेसवरची धावत घरच्या बेसवर पोहोचली. चार-चार! लिनिया पहिल्या बेसवर दोन्ही पायांनी उड्या मारत होती. लव्हॉन कधी उभी राहिली ते तिलाही कळले नाही. मी तिच्या छातीशी होते. तिचे हृदय पुठ्ठ्यावर ठोके देत होते. तिने खाली बसून लिनियाच्या चौकोनात ठसठशीत रेघ ओढली.

आणि ती गप्प बसली असती. हे मी शपथेवर सांगते. पुढच्या चेंडूला वीस सेकंद लागले असते, आणि तिने ते वीस सेकंद गिळले असते.

पण ब्रेंटने खेळ थांबवला. मुलीचा पहिला फटका म्हणून तो चेंडू आठवण म्हणून मागून घेतला, लिनियाच्या हातात दिला, तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. मग कॉलेजच्या देणगीदारांसाठी मांडलेल्या खुर्च्यांकडे हात हलवला. परत येताना जाळीपाशी थांबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काय मिसेस टॉलेफ्सन, लिहिलंत ना? की पेन्सिल अजून तासायची आहे?"

खुर्च्यांमधून हसू आले.

लव्हॉन उठली. मला काखेत घेतले. ड्वेन म्हणाला, "लव्हॉन, खाली बस." ती बसली नाही. दहा पावले चालून ती पाहुण्यांच्या बाजूच्या कुंपणापाशी गेली.

"मारिट."

"बोला, लव्हॉन."

"तुझ्याकडचा क्रम बघ. आत्ता कोण खेळायला हवी होती?"

मारिटने खिशातला कागद काढला. वाचला. पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाली, "तुमच्याच मुली आहेत, लव्हॉन."

"बघ म्हटलं ना तुला."

मारिटने पंचांना हाक मारली. पंचांनी आपल्याकडचा कागद काढला आणि टेन्लीला बाद दिले. धाव रद्द. झेंड्याची दोरी खांबावर आपटताना ऐकू येत होती. ब्रेंट धावत जाळीपाशी आला. त्याच्या बुटांना पहिल्यांदाच चिखल लागला होता.

"मिसेस टॉलेफ्सन! गुणलेखकानं तोंड उघडायचं नसतं! एवढंही कळत नाही तुम्हाला?"

लव्हॉनने सगळे कागद वर केले आणि तळाचे पत्र जाळीला लावून धरले. "मी प्रेक्षक आहे, ब्रेंट. ही सही तुमचीच ना?"

ड्वेनच्या नाकातून कॉफी आली. देणगीदारांच्या खुर्च्यांतही कुणीतरी खुदकन हसले, आणि या वेळी ते हसू ब्रेंटसाठी होते. त्याचे कान लाल झाले. मित्रांनो, त्या क्षणाइतके गोड मला आयुष्यात काही लागले नाही. कॉफीच्या चोथ्याचा वास त्या दिवशी माझ्या अंगातून गेला.

मग पंच पहिल्या बेसकडे वळून म्हणाले, "मुली, परत ये. तुला पुन्हा खेळायचंय."

हा नियमाचा उरलेला अर्धा भाग. टेन्ली बाद, म्हणजे आता टेन्लीनंतरची. आणि टेन्लीनंतर होती लिनियाच. मला नियम पाठ होता. पण रागात मी तो अर्धाच आठवला, आणि मला वाटते लव्हॉननेही.

लिनिया पहिल्या बेसवरून चालत परत आली. पंचांनी हात पुढे केला. तिने आठवणीचा चेंडू त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बादलीत टाकला आणि तो इतर चेंडूंमध्ये मिसळून गेला. लव्हॉनने खोडरबर काढले. नियमाप्रमाणे जे झाले नाही ते कागदावर राहू शकत नाही. तिने चौकोन खोडला. रबराची भुकटी माझ्या ओरखड्यांत भरली.

लिनिया अकरा चेंडू झुंजली. आठ तिने बाजूला तटवले. बाराव्यावर चेंडू सरपटत दुसऱ्या बेसकडे गेला आणि ती पहिल्या बेसच्या एक पाऊल आधी बाद झाली. तीन-चार. सहा विजय, बत्तीस पराभव. मोसम संपला.

सगळे पांगल्यावर लिनिया जिन्यापाशी आली. गुडघ्यांना माती होती.

"तुम्ही सांगितलंत ना?"

"हो," लव्हॉन म्हणाली.

"त्याला धडा शिकवायला."

"हो."

"बरोबर आहे. माणूस तसाच आहे तो. पण बॅट माझ्या हातात होती. माझा फटका तुमच्या कागदावर आहे का?"

"नाही. खोडावा लागतो."

"टॅब्लेटवर नाही. चेंडू नाही. तुमच्याकडेही नाही." लिनियाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "बघू ते पॅड."

लव्हॉनने मला पुढे केले. लिनियाने मला पालथे केले, जिन्याच्या कठड्यावर दाबून धरले आणि खिशातून गाडीची किल्ली काढली. पेन्सिल खोडता येते. तिने किल्लीने माझी पाठ कोरली. तारीख. सातवा डाव. डावीकडे, स्वच्छ. शेवटी नाव. प्रत्येक अक्षरासाठी तिने तीन-तीनदा रेघ ओढली. वरचा गुळगुळीत थर फुटून आतले तंतू उघडे पडले. मला जे सहन करावे लागले ते मी इथे सांगत नाही. सूड कसा घेतात हे मला तेव्हा कळले. लव्हॉनने तिला थांबवले नाही.

"आता खोडा," लिनिया म्हणाली आणि निघून गेली.

जूनमध्ये ब्रेंटची नोकरी गेली. मला आनंद झाला, आजही होतो, खोटे कशाला बोलू? नव्या प्रमुखाने लव्हॉनला परत बोलावले. ती गेली, पण नवे पॅड घेऊन. मला तिने स्वयंपाकघरात खिळ्याला टांगले, कोरलेली बाजू बाहेर. कॉफी गाळली जाईपर्यंत ती रोज माझ्यासमोर उभी राहते.

माझ्यासारख्या वस्तू गोष्टीच्या शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आम्ही तुमच्या उपयोगी पडलो. मी तसे म्हणणार नाही. मी जे काम केले त्याची भरपाई मला नको आहे. पण लव्हॉन ब्याहत्तर वर्षांची आहे. कधीतरी हे घर रिकामे होईल आणि अंगणात विकायला मांडलेल्या जुन्या सामानात मी तुमच्यापैकी कुणाच्या तरी हाती लागेन. मित्रांनो, तेव्हा मला घासू नका. पॉलिश पेपर लावू नका, वर रंग फासू नका. दमट भिंतीला टेकवून ठेवू नका. ओल धरली की माझे तंतू फुगतात आणि कोरलेली अक्षरे बुजतात. कारण तो फटका खरेच लागला होता, आणि तो जगात फक्त माझ्या पाठीवर आहे.