जयवंत बसायचा तो पाट

मित्रांनो, घाटकोपरच्या एका चाळीत भिंतीला टेकून उभा असलेला जुना फणसाचा पाट, तो मी. माझ्या कोपऱ्यांवर पितळेच्या फुल्या होत्या. त्यातली एक गळून पडली, बाकीच्या काळवंडल्या. मालवणकडच्या एका सुताराने मला जानकीच्या लग्नासाठी घडवलं आणि चौसष्ट साली तिच्याबरोबर बोटीने मी मुंबईला आलो.

जानकीचा नवरा जयवंत साकीनाक्याच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा. गडी धिप्पाड. जेवायला माझ्यावर बसला की मी कुरकुरायचो. शेजारच्या शांताबाई म्हणायच्या, "पाट चांगला आहे हो, एवढा भार पेलतो." तेव्हा मला फार अभिमान वाटायचा.

जानकीच्या माहेरी एक रीत होती. जेवणाऱ्याला ढेकर आला की वाढणारीने हात आवरायचा. पोट भरल्यावर आग्रह करणं म्हणजे अन्नाचा अपमान. ही रीत तिने इथेही पाळली.

मग एका दिवाळीनंतर जयवंताला वेळी-अवेळी ढेकर येऊ लागले. जेवताना, पाणी पिताना, नुसतं बसल्याबसल्यासुद्धा. चाळ हसायची. शांताबाई दारातून म्हणायच्या, "जयवंता, तुझा भोंगा झाला रे, आता मी घड्याळ लावते." तोही हसायचा. कारण मात्र कुणाला सापडेना. जानकीने वाटाणे-पावटे बंद केले. कारखान्यात डबा भराभर संपवतो म्हणून त्याला हळू चावायला लावलं, तंबाखू सोडायला लावली. ओवा झाला, काळं मीठ झालं, शेवटी दृष्टही काढून झाली. ढेकर काही थांबले नाहीत आणि हळूहळू सगळ्यांना त्यांची सवय झाली.

आता चार घास झाले की त्याला ढेकर यायचा आणि जानकी भाताचं पातेलं उचलायची.

"पोट भरलं ना?"

"भरलं गं."

तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटायचं. पण मित्रांनो, मी त्याच्या खाली होतो. माणूस दिवसेंदिवस हलका होत चालला होता. माझं कुरकुरणं बंद झालं. त्याची हाडं मला टोचू लागली. सदऱ्याच्या आतलं अंग चाळीला दिसत नव्हतं, मला कळत होतं. लाकडाला तोंड नसतं, याचं इतकं दुःख मला कधी झालं नव्हतं.

एके दिवशी तो लेथपाशी चक्कर येऊन पडला, तेव्हा कुठे त्याला दवाखान्यात नेलं. तिथलं सगळं जानकीने शांताबाईंना माझ्यासमोरच सांगितलं. "डॉक्टर म्हणाले, ढेकर बहुतेक वेळा साधेच असतात. घाईत गिळलेली हवा असते, सोडा असतो, पित्त असतं. पण त्याबरोबर भूक मेली, वजन उतरलं, की घरी बसायचं नसतं, लगेच दाखवायचं असतं. ह्यांच्या जठरात गाठ आहे. आणि मी मेली पातेलं उचलत होते."

"अगं, तुझ्या पातेलं उचलण्याने गाठ होत नसते," शांताबाई म्हणाल्या आणि स्वतःच रडू लागल्या. भोंग्याची थट्टा त्यांनी पुन्हा कधी केली नाही.

घरी आल्यावरही जयवंत माझ्यावरच बसायचा. ढेकर येतोय असं वाटलं की तोंडावर पंजा दाबून श्वास कोंडून धरायचा. त्याचं अंग थरथरायचं, ते माझ्या फळीत उतरायचं. मग म्हणायचा, "वाढ गं अजून." ती वाढायची. त्याला घास गिळवत नसे, पण तिच्या समाधानासाठी तो पानावर बसून राहायचा. फार दिवस बसला नाही.

मित्रांनो, कुणाला ढेकर आला म्हणून घाबरून जाऊ नका. पण सारखेच येऊ लागले, तर हसण्याआधी त्या माणसाकडे एकदा नीट पाहा. पूर्वीइतका जेवतो का, कपडे ढगळ झाले का, विचारा. वेळेवर डॉक्टरांकडे न्या. मला विचारता आलं नाही.

आता वर्षातून एकदा, त्याच्या तिथीला, जानकी मला पुसून मांडते आणि माझ्यावर त्याचा फोटो ठेवते. वजन म्हणाल तर काहीच नाही. समोर पान मांडून ती भात वाढते, आणखी वाढते. वरण पानाबाहेर ओघळतं, तरी तिचा हात थांबत नाही. ती ढेकराची वाट बघत असते.