व्हय म्हणायचं न्हाई

भोरची एक बाई देवळासमोर 'दास्तानगोई' करणार, हे शाळेच्या भोंग्यावरून पाली गावात पोचलं आणि रखमाजींच्या कानानं त्यातला नेमका 'दस्त' उचलला. दस्त म्हणजे जमिनीचा, दुसरा कसला? गडाच्या पायथ्याचं त्यांचं वावर दलालांच्या डोळ्यांत कधीचं भरलं होतं. पुतण्या गेनू तर एका दलालाच्या बोलण्याला नुसतं 'हूं, हूं' करत गेला आणि साठेखतावर सही करून बसला.

"समदे ऐका," रखमाजींनी देवळासमोर बजावलं, "बाई काय बी इचारू दे, व्हय म्हणायचं न्हाई."

भोरहून आलेली भार्गवी पांढरा अंगरखा घालून चादरीवर बसली. "उर्दूत गोष्ट सांगायची ही जुनी रीत. मी मधेमधे मराठीत उलगडून सांगेन. पण दास्तानीला हुंकार लागतो. तुम्ही 'हूं' म्हणालात, तरच ती पुढं जाते."

रखमाजींनी बायकोला कोपरानं ढोसलं. "बग. कबुली मागतीया."

"गोष्ट सांगतीया ती," ठकुबाई म्हणाल्या.

"गेनूला बी गोष्टच सांगितली हुती."

गोष्ट होती एका म्हाताऱ्या माळ्याची, त्याच्या डाळिंबाच्या बागेची आणि फकिराच्या वेशात आलेल्या ठगाची. मालिक, इकरार, गवाह... एकेका शब्दासरशी रखमाजींचा संशय पक्का होत गेला. भार्गवी थांबे, लोकांकडं बघे. लोक मुके. ती तशीच गोष्ट पुढं रेटे.

"ठग म्हणाला, 'बाबा, फक्त मान हलव, बाग तुझीच राहील.' माळ्याची हनुवटी जराशी खाली आली..."

"न्हाई! मान हलवू नगंस, येड्या!"

ओरडून झाल्यावर रखमाजींना कळलं, की उभे राहिलोय ते आपणच. लोक खदखदून हसले.

"म्या व्हय म्हनलो न्हाई," ते घाईनं म्हणाले.

"न्हाईच म्हनलात," ठकुबाई म्हणाल्या, "पार गडावर ऐकू गेलं."

भार्गवीनं हात जोडले. "काका, मला एवढंही पुरे."

"पुरं? कशाला पुरं?" रखमाजींनी डोळे बारीक केले. पण माळ्याची मान अजून अधांतरीच होती. ते खाली बसले. "सांगा फुडं. पन आमचं न्हाई, त्ये न्हाईच."

तिनं सांगितलं. ठग नवनवं सोंग घेऊन बागेच्या दाराशी येई, भार्गवी थांबे, आणि सगळी पाली एका सुरात हुंकार देई, "न्हाई!"